जीन्सचा आडोसा

मोठ्या डॉक्टरांनी खोकलेमास्तरांना फसवलं. "मुंबईला झेरॉक्स काढतो, परवा परत पाठवतो," असं सांगून त्यांनी मास्तरांची वही नेली आणि ती कधीच परत केली नाही.

हे आधी लिहून मोकळी होते. मास्तरांबद्दल सांगायला लागलं की लोक हसतात आणि हसता हसता मुद्दा बाजूला पडतो. हसण्यासारखा माणूस होताच तो. पण ज्याला लुबाडलं तो जरा वेडगळ होता, म्हणून लुबाडणाऱ्याला सूट मिळत नाही. माझ्या धंद्यात तरी मिळत नाही.

माझा धंदा धागा कटिंगचा. उल्हासनगरच्या कारखान्यांत जीन्स शिवून झाली की शिवणींना लोंबणारे धागे कापावे लागतात. ते काम बायका घरी बसून करतात. मी शेठ लोकांकडून माल उचलते, बदलापूर-अंबरनाथच्या बायकांना वाटते आणि तयार झाला की परत पोचवते. सुरुवातीला हेंद्रेपाड्यातल्या एका खोलीत मी एकटीच कापत बसायचे. मग दहा जणी झाल्या, मग चाळीस. शिक्षण आठवी, पण शेठशी भांडायला तेवढं पुरतं. "अदी, थोडा कम बोल, गला फट जायेगा तेरा," असं एक सिंधी शेठ मला नेहमी म्हणायचा. अदी म्हणजे बहीण. बहीण म्हणायचा आणि भाव पाडायचा. मी एकदा अख्खा लॉट त्याच्या दारात ओतून आले होते.

तर असल्या बाईला ज्याच्यापुढे एकदाही घासाघीस जमली नाही, असा एकच माणूस मला भेटला.

खोकलेमास्तर हे त्यांचं नाव नव्हे, लोकांनी पाडलेलं. अंबरनाथच्या एका सरकारी दवाखान्यात ते लॅब टेक्निशियन होते. टीबीच्या संशयितांचा बेडका काचेवर पसरायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि जंतू आहेत की नाहीत ते लिहायचं, एवढंच त्यांचं काम. पण मास्तर एवढ्यावर थांबणारे नव्हते.

सकाळी आल्या आल्या ते उदबत्ती लावायचे. नव्या माणसाला वाटायचं, देवभोळे आहेत. पण समोर देव नसायचाच. पेटलेली उदबत्ती घेऊन ते व्हरांड्यात फिरायचे, धूर कुठे वळतो ते बघायचे आणि त्याप्रमाणे पेशंटचं बाकडं सरकवायचे. खोकणाऱ्याच्या तोंडची हवा बाहेर गेली पाहिजे, शेजारच्याच्या नाकात नाही. पावसाळ्यात बाकडं गेटजवळ, थंडीत जिन्याखाली. शिपाई वैतागायचा. "मास्तर, आज बाकडं कुठं टाकू?" "थांब, वाऱ्याला विचारून सांगतो."

त्यांच्या खिडकीत दोन काचेच्या बरण्या असायच्या. एकीत साबणाचा फेस, दुसरीत शिजवून घट्ट झालेला साबुदाणा. पेशंट आला की आधी बरण्या दाखवायचे. "ही थुंकी. ही मला नको. हा बेडका. हा पाहिजे. छातीतून येतो, तोंडातून नाही." बरणी बघितलेल्या बायका पुढे कितीतरी दिवस उपासाला साबुदाणा खायच्या नाहीत. भिंतीवर सरकारी पोस्टर होतं, त्यावर 'थुंकी तपासा' असं छापलेलं. त्या शब्दावर मास्तरांनी चिठ्ठी डकवून 'बेडका' लिहिलं. तपासणीला साहेब आले की चिठ्ठी निघायची, साहेब गेले की पुन्हा लागायची.

खोकला ऐकून त्याची जात ओळखायची त्यांना सवय होती. शेअर रिक्षात बसले की डोळे मिटून पुटपुटायचे. "हा तंबाखूचा. हा केमिकलचा, एमआयडीसी, सेकंड शिफ्ट. हा नुसता सवयीचा." आणि मधेच डोळे उघडून म्हणायचे, "हा माझा." हा माझा म्हणजे टीबीचा. मग ते त्या माणसामागे उतरायचे आणि खिशातून प्लास्टिकची डबी काढून त्याच्या हातात ठेवायचे. दोनदा मार खाता खाता वाचले.

आमच्या नात्यातल्या एका लग्नाला मी त्यांना हेंद्रेपाड्यात बोलावलं. पंचशील चाललं होतं, सगळे हात जोडून बसलेले. तिसऱ्या रांगेत नवऱ्याचे मामा खोकले. मास्तर उठले, वाकत वाकत तिथपर्यंत गेले आणि मामांच्या जोडलेल्या हातांत डबी सरकवली. मामा म्हणाले, "अहो पाव्हणं, आहेर नवरा-नवरीला द्यायचा असतो. मला काय देताय?"

मास्तर म्हणाले, "उद्या सकाळी, चहाच्या आधी. साध्या पाण्याने चूळ भरायची आणि मग पोटातून खोकायचं. झाकण घट्ट लावा."

लग्नघरात माझी शोभा झाली. दोन महिने कोणी माझ्याशी धड बोललं नाही. मामांना टीबी निघाला, औषधं घेऊन बरे झाले आणि मग गावभर सांगत सुटले की लग्नात सगळ्यात महाग आहेर मला मिळाला.

माझी आणि मास्तरांची ओळख दोन हजार पाचच्या पुराच्या आदल्या वर्षी झाली. मी दोन महिने खोकत होते. आमच्या धंद्यात खोकला मोजतच नाहीत. जीन्सचा भुगा उडतो, तो नाकात जातो, रुमालावर निळं येतं. सगळ्याच जणी खोकतात. त्याला आम्ही 'जीन्सचा खोकला' म्हणायचो आणि गुळाचा खडा चघळायचो. पण माझं वजन उतरायला लागलं, संध्याकाळी कणकण यायला लागली, तेव्हा नाइलाजाने गेले.

मास्तरांनी तीन डब्यांचं सांगितलं. एक आज, एक उद्या सकाळी घरून, एक उद्या इथे.

"तीन कशाला? एकात भागवा. माझा धंदा बुडतो."

"तीन."

"बरं, दोन. तुमचं पण राहिलं, माझं पण राहिलं."

"ताई, जंतू तुमच्याशी भाव करत नाही. तीन."

मी डबी घेऊन नळाजवळ गेले, थुंकले, आणून दिली. त्यांनी उजेडात धरली. "हा फेस."

"जे पडलं ते पडलं. घ्या चालवून."

"शेठने फाटका पीस दिला तर तुम्ही चालवून घेता का?"

हा माणूस मला माझ्याच वजनकाट्यावर तोलत होता.

खरी गोष्ट अशी होती की मला खोकता येत नव्हतं. मी, जिचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जातो, ती त्या दवाखान्याच्या आवारात घसा खाकरून बेडका काढायला लाजत होते. समोर पुरुष उभे, बाकड्यावर ओळखीची माणसं. हे बाहेर कोणाला कळत नाही म्हणून लिहिते. एका खोलीच्या घरात सासरा असतो, दीर असतो. पुरुष दारात उभा राहून खाकरतो, थुंकतो, कोणी काही म्हणत नाही. बाईने तसं केलं तर तिला वळण नाही. म्हणून बाई गिळते. लहानपणापासून गिळते. डॉक्टरने डबी दिली म्हणून एका दिवसात तिला ते बाहेर काढता येत नाही.

मास्तरांना हे मी सांगायच्या आधीच ठाऊक होतं. त्यांनी मला इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीशी नेलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "मी तुम्हाला बघत नाही. माझ्या पाठीला डोळे नाहीत. श्वास घ्या. पोट फुगू दे. धरा. एक, दोन, तीन. आता पोटातून, एकदम." तीन-चार वेळा नुसता आवाज झाला. पाचव्यांदा छातीतून काहीतरी सुटलं. मी डबी भिंतीवर ठेवली. त्यांनी वळून ती उचलली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"निळा! ताई, तुम्ही शाई पिता का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. निळ्या रंगावर बारीक बारीक लाल काड्या पडल्या होत्या. "हे टीबीचे जंतू. असं समजा, निळ्या जीन्सवर लाल धागे राहिलेत. हे कापायचे. सहा महिने. मधे एक दिवस कातर खाली ठेवायची नाही." मी ठेवली नाही. आज हे लिहिते आहे, ती त्या पाचव्या खोकल्यामुळे.

बरी झाल्यावर मी मास्तरांना म्हटलं, काय देऊ? ते म्हणाले, "कापड द्या. जाड. पलीकडचं दिसू नये असं." माझ्याकडे रिजेक्शनचे पीस पडलेले असायचे. माझ्या बायकांनी ते उसवून, जोडून भला मोठा पडदा शिवला. टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मास्तरांनी तारेवर तो लावला. वरून उघडा, म्हणजे हवा खेळती. पडद्याला आतल्या बाजूने जीन्सचा एक मागचा खिसा तसाच ठेवायला सांगितला. का? तर खोकताना डबीचं झाकण कुठे ठेवायचं हे बाईला कळत नाही, जमिनीवर ठेवते. झाकण खिशात. तो खिसा मी स्वतःच्या हाताने पिवळ्या दोऱ्याने पुन्हा पक्का केला होता. निळा दोरा संपला होता म्हणून पिवळा.

आत बाई एकटी. बाहेर मास्तर भिंतीकडे तोंड करून आकडे मोजत. आणि आवाज लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून खिडकीत रेडिओ मोठ्याने लावलेला. रेडिओ वाजला की बाकड्यावरची माणसं समजायची, आत बाई आहे.

आणि वही. लांब, कापडी पाठीची. डाव्या पानावर बायका, उजव्या पानावर पुरुष. नाव, वय, डबीत काय आलं: पाणी, फेस, लाळ की बेडका. आडोशाच्या आधी काय, नंतर काय. शेवटच्या रकान्यात प्रत्येक बाईची सही किंवा अंगठा, आणि वर एकच ओळ: 'आत मी एकटी होते.' मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "उद्या कोणी विचारलं तर."

मास्तर म्हणायचे, "बायकांना टीबी कमी होतो असं कागद सांगतो. कागदाला बायका ठाऊक नाहीत." आडोसा झाल्यावर बायकांच्या डब्यांत बेडका यायला लागला आणि ज्या आधी दोन-दोनदा 'नाही' ठरल्या होत्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणींत जंतू सापडले. हे त्यांनी चार वर्षं एकेक ओळ करून लिहिलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, पगारात त्याचं काही नव्हतं. बायकोमुलं नव्हती. का करता म्हणून मी खोदून खोदून विचारलं, शेवटी भांडलेसुद्धा. त्यावर त्यांनी मला डबी दिली. "बोलताना खोकलात. बघून घेऊ."

अशा वेळी मोठे डॉक्टर आले. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेतून, गाडीतून. गोरेपान, मऊ बोलणं. तीन वेळा आले. आडोशाचे फोटो काढले, भिंतीकडे तोंड करून आकडे मोजणारे मास्तर बघितले, त्यांच्याबरोबर चहा प्यायले, वही चाळताना "अरे वा, अरे वा" करत होते. त्या दिवशी मी तिथेच होते, दोन बायकांना तपासायला घेऊन गेले होते.

"ही वही मी नेतो," डॉक्टर म्हणाले. "मुंबईला झेरॉक्स काढतो, परवा परत पाठवतो."

मी म्हटलं, "साहेब, समोरच झेरॉक्सचं दुकान आहे की. मी काढून आणते."

"एवढी पानं इथे नीट निघणार नाहीत."

"मग पावती लिहून द्या. वही मिळाली म्हणून."

डॉक्टर हसले. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, हा कारखाना नाही. विद्वान माणूस आहे तो."

मी चलान घेतल्याशिवाय एक पीस हातचा सोडत नाही. त्या दिवशी गप्प बसले, कारण पहिल्यांदाच मास्तरांच्या कामाची कोणीतरी दखल घेत होतं आणि त्यांचे कान आनंदाने लाल झाले होते. तो आनंद मला मोडवला नाही.

परवा आला आणि गेला. महिना गेला. मास्तर फोन करायचे, पलीकडून कोणीतरी सांगायचं की साहेब मीटिंगमध्ये आहेत. मास्तरांनी पत्रं घातली. उत्तर नाही.

मग तक्रार आली. कोणी केली ते कळलं नाही. लॅबमधला माणूस बायकांना पडद्यामागे नेतो आणि रेडिओ मोठ्याने लावतो, अशी ती तक्रार. चौकशी लागली. मास्तरांनी माझ्याकडे येऊन एकच गोष्ट सांगितली, "वहीत सगळ्यांच्या सह्या आहेत हो. वही असती तर पाच मिनिटांचं काम होतं." त्यांनी मोठ्या डॉक्टरांना तार करावी तसं चार ओळींचं पत्र पाठवलं: चौकशी आहे, वही पाठवा, नाहीतर दोन ओळी लिहून द्या. काही आलं नाही.

चौकशीच्या दिवशी मी सहा बायका घेऊन गेले. साक्ष द्यायला. चौकशी अधिकाऱ्याने आधी मास्तरांना प्रश्न विचारले.

"रेडिओ कशाला लावत होता?" अधिकारी म्हणाला.

"आवाज बाहेर जाऊ नये म्हणून."

"कुणाचा आवाज?"

"बायकांचा."

खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं. मास्तरांना कळलंच नाही का हसले ते. ते पुढे समजावून सांगायला लागले की पोटातून खोकल्यावर कसा आवाज होतो. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि शेजारच्याकडे बघून भुवई उडवली.

माझं डोकं फिरलं. मी उठले आणि अधिकाऱ्याला जे तोंडाला येईल ते बोलले. त्याची आई काढली, बायको काढली, त्यांना टीबी झाला तर तू पडद्याबाहेर उभा राहशील का म्हणून विचारलं. "बाई, बाहेर व्हा," तो म्हणाला. मी खुर्ची ढकलून बाहेर पडले. आणि माझ्या मागोमाग त्या सहाही जणी बाहेर आल्या. त्यांना मी काम देते. मी उठले की त्या उठतात, हीच त्यांना सवय. आत बसून साक्ष द्यायची हे मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. मला वाटलं होतं, मीच बोलेन आणि मीच जिंकेन.

आत मास्तर एकटे राहिले. कागदावर लिहिलं गेलं, साक्षीदारांनी साक्ष दिली नाही.

आरोप शाबीत झाला नाही, धुतलाही गेला नाही. मास्तरांची बदली झाली, लांबच्या तालुक्यात, औषधांच्या गोदामात. खोकी मोजायला. आडोसा उतरवला. तार तेवढी राहिली, तिच्यावर शिपाई फडकी वाळत घालायचा. बाकडं एका जागी बसलं ते बसलंच.

माझी धाकटी बहीण मंगल शिवमंदिराजवळच्या गल्लीत राहायची. दोन खोल्या, सात माणसं. माझ्याकडचंच धागा कटिंग करायची. मास्तर बदलून गेल्यावर वर्षाच्या आत तिला खोकला लागला. मीच तिला दवाखान्यात नेलं. नवा टेक्निशियन वाईट नव्हता. खिडकीतून डबी द्यायचा, "मावशी, थुंकून आणा" म्हणायचा, एवढंच. मंगल डबी घेऊन नळाकडे गेली. मला शेठचा फोन आला होता, लॉट परत पाठवतो म्हणत होता, मी फोनवर तंडत होते. मंगल लगेच परत आली.

"झालं?"

"झालं, अक्का."

किती वेळ लागतो हे मला माहीत होतं. पाचव्या खोकल्याला काय होतं हे मला माहीत होतं. सबंध अंबरनाथमध्ये हे माहीत असलेली मी एक. पण कानाला फोन होता. मी डबीचं झाकण उघडून बघितलं नाही. पीस परत देताना प्रत्येक शिवण उलटून बघणारी मी, डबी बघितली नाही. तीनही डब्यांचा रिपोर्ट आला: जंतू नाहीत. खोकल्याचं औषध मिळालं, धुळीची ॲलर्जी म्हणाले.

त्यानंतर तीन महिने ती 'दम लागतो' म्हणायची आणि मी तिला म्हणायचे, "कागदावर काही नाही. नाटकं बंद कर, तुझा माल अर्धा पडलाय."

चौथ्या महिन्यात रक्त पडलं. मोठ्या हॉस्पिटलात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, इतके दिवस काय करत होता? मंगल अकरा दिवस होती. तिचा मुलगा तेव्हा दुसरीत होता.

पुढच्या वर्षी एका संस्थेच्या बाईंनी मला मुंबईत एका कार्यक्रमाला नेलं. टीबीतून बरे झालेले चार लोक पहिल्या रांगेत बसवायचे होते. स्टेजवर मोठे डॉक्टर. पडद्यावर एकामागून एक चित्रं. इंग्रजी मला सगळं कळत नाही, पण एका चित्राला मी उठून उभी राहिले. निळा आडोसा होता. मागचा खिसा होता, पिवळ्या दोऱ्याचा. खिशात झाकण.

बायकांनी खोकावं कसं, हे त्यांच्या टीमने शोधून काढलं, असं ते सांगत होते. मधे मधे मराठीत विनोद करत होते. लोक टाळ्या वाजवत होते.

मी म्हटलं, "साहेब, तो खिसा मी शिवलाय. वही कुठे आहे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मला ओळखलं, हे मला समजलं. "ताई, प्रश्न शेवटी घेऊ या," ते मऊ आवाजात म्हणाले. शेवटी वेळ संपली. शेवटच्या चित्रात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की स्थानिक कर्मचाऱ्यांचं सहकार्य लाभलं. बाईंनी मला वाचून दाखवलं.

दुसऱ्याच दिवशी मी मास्तरांकडे गेले. पत्र्याच्या गोदामात खोक्यांमध्ये बसले होते. दारात उदबत्ती लावलेली. माझ्याशिवाय तिथे खोकायला कोणी नव्हतं. मी सगळं ओरडून ओरडून सांगितलं. त्यांनी विचारलं, "आकडे बरोबर दाखवले का त्यांनी?"

"मला काय ठाऊक! तुमचं नाव नाही, मास्तर!"

"ते जाऊ दे. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात आडोसा झाला का, ते म्हणाले का काही?"

तसलं काही त्या कार्यक्रमात कोणी बोललं नव्हतं. मास्तरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मंगल कशी आहे? ती खोकत होती ना तुमच्या घरी, मागे मी आलो तेव्हा? तो माझा होता. मी तुम्हाला म्हटलं होतं."

म्हटलं होतं त्यांनी. बदलीनंतर एकदा माझ्या घरी आले होते, तेव्हा जाता जाता दारात म्हणाले होते आणि मी हसण्यावारी नेलं होतं.

मी त्यांना सांगितलं. त्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा लावला. मग विचारलं, "डबीत काय होतं?"

"मी बघितलं नाही."

त्यांनी खोक्यामागून एक नवी वही काढली. जुनीतली नावं ते आठवून आठवून पुन्हा लिहीत होते. डाव्या पानावर त्यांनी लिहिलं: मंगल, वय एकतीस. आडोसा नव्हता. डबीत काय होतं ते माहीत नाही. बरोबरच्या बाईने बघितलं नाही. मग वही माझ्याकडे वळवली आणि पेन पुढे केलं.

"सही करा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. सगळ्यांना सांगायचे तसंच सांगितलं. मी आयुष्यात भाव केल्याशिवाय कुठेच सही केली नाही. तिथे केली.

मास्तर रिटायर झाले आणि दोन वर्षांत गेले. हृदयाने. लोकांची समजूत होती की ते टीबीनेच जाणार. नवी वही माझ्याकडे आहे. तिच्यात नावं थोडीच आहेत, आठवली तेवढी. सह्यांच्या रकान्यात एकच सही आहे.

मोठे डॉक्टर, तुम्ही अजून भाषणं करता, तुमचा फोटो पेपरात येतो. माझं भांडण स्टेजवरच्या नावाचं नाही. ते मास्तरांनीच सोडून दिलं. मला एवढंच सांगा. चौकशीचं पत्र तुम्हाला मिळालं होतं. वही तुमच्या टेबलावर होती. प्रत्येक बाईने सही करून लिहिलेलं होतं की आत ती एकटी होती, आणि तुम्ही ते वाचलेलं होतं. मग 'हा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा असतो, मी बघितलं आहे,' एवढी एक ओळ तुम्ही का लिहिली नाही? ती लिहिली असती तर पडदा तारेवर राहिला असता, मास्तर पडद्याबाहेर राहिले असते आणि माझी बहीण आत उभी राहून पाचव्यांदा खोकली असती.

परवा परत पाठवतो म्हणाला होतात. वही घेऊन या आणि उत्तर द्या. माझ्या वाटणीचं उत्तर मी सही करून दिलं आहे. तुमच्यासाठी त्याच पानावर जागा सोडली आहे.